मायच्या पातळाची गोधडी

थंडीचे दिवस जवळ आले, की आमच्या गोंदियाकडे घरोघरी पेट्या उघडतात. विदर्भातले थंडीचे आकडे छापून येतात तेव्हा गोंदियाचे नाव बरेचदा सर्वांत खाली असते. पुसाच्या महिन्यात पहाटे धानाच्या बांध्यांवर धुके उतरते आणि एका चादरीने भागत नाही. मग पेटीतल्या गोधड्या बाहेर येतात, उन्हात पडतात, उसवलेल्या जागी टाके पडतात. यंदा आमच्या घरीही पेटी उघडली. पण ती आमच्या मायची पेटी होती, आणि माय आता नाही.

पेटीत फार काही नव्हते. बाबासाहेबांची एक चौकटीतली तसबीर, बाबांची दोन धोतरे, दीक्षाभूमीला जाताना माय दरवर्षी नेसायची ते पांढरे पातळ, आणि तळाशी घडी घालून ठेवलेले फुलांचे पातळ. आमच्या गावात ते पातळ ओळखत नाही असे कोणी नसेल. मातकट पिवळी जमीन आणि तिच्यावर तळहाताहून मोठी शेंदरी फुले. पानांच्या कडेला गर्द निळी रेघ. १९८७ साली तेंदूच्या हंगामातल्या मजुरीतून मायने ते घेतले. वर्षभर ती विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातून छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा. त्या मजुरीत स्वतःसाठी घेतलेली ही तिची पहिली आवडीची वस्तू. १४ एप्रिलला नेसायची, मुलांच्या लग्नात नेसायची, एरवी पेटीत. सुती पातळ, पण पस्तीस वर्षांत फुलांचा रंग गेला नाही.

आता त्याचे करायचे काय? आम्ही तिघी बहिणी. प्रत्येकीला ते हवे होते. पातळ एक आणि लेकी तीन, म्हणून तीन तुकडे करावेत असे ठरले. कात्री आलीसुद्धा. शेजारच्या काकूंनी आणखी एक सुचवले, की सहा-सहा इंचांचे चौकोन पाडा, म्हणजे तिघींच्या गोधड्यांत थोडे थोडे बसेल. तेवढ्यात वहिनी चुलीपासून उठून आल्या. त्या म्हणाल्या, "ताई, कापायच्या आधी एवढं पाहा." त्यांनी जुन्या वर्तमानपत्राला मधोमध सहा इंचांची चौकोनी खिडकी कापली आणि तो कागद पातळावर ठेवून इकडून तिकडे सरकवला. खिडकीतून कधी नुसता शेंदरी डाग दिसे, कधी अर्धे पान, कधी नुसती पिवळी जमीन. फूल काही दिसेना. आमच्या मायचे पातळ त्या कागदाने आमच्या डोळ्यांदेखत नाहीसे केले. कात्री आम्ही खाली ठेवली.

वाचक भगिनींनो, या लेखात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच. ज्या कापडावर बारीक बुट्टी असते, त्याचे कितीही लहान तुकडे केले तरी ते ओळखू येते. ज्या कापडावर मोठी फुले, मोर किंवा वेली असतात, त्याचे सौंदर्य त्याच्या सलगपणात असते. असे कापड आवडीचे असेल तर त्याला गोधडीच्या मध्यभागी अखंड जागा द्यावी आणि साधे, एकरंगी कापड चौकटीसारखे भोवती लावावे. यात कौशल्य कमी लागते, शिवण कमी पडते आणि नवशिक्या मुलीलाही जमते. एक गोधडी तिघींनी मिळून करायची आणि दर हिवाळ्यात एकीच्या घरी ठेवायची, असे ठरले.

पण अडचण दुसरीकडून आली. दादा संध्याकाळी कामावरून आले, त्यांनी पसारा पाहिला आणि त्यांना राग आला. "जुन्या कपड्यांची वाकळ? बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं आणि तुम्ही परत त्याच शिवता? मी चांगलं ब्लँकेट आणून देतो."

दादांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. आपल्या समाजाच्या अंगावरचे वस्त्र हा कधीच साधा विषय नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. प्रेतावरचे कापड घेणे हा पुढे गावगाड्यात आपला 'हक्क' म्हणून सांगितला गेला. विदर्भात आपले कितीतरी लोक हातमागावर जाडेभरडे कापड विणून विकत, म्हणजे कापड करणारे हात आपलेच होते. तरी मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार आपल्याला बंद होते. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्याआधी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायाबापड्यांना सांगितले, की लुगडे नीट, घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण अंगावर बाळगू नका. हे सारे ठाऊक असलेल्या माणसाला चिंधी या शब्दाचा राग येणारच.

मात्र लादलेली चिंधी आणि आपण जपलेले कापड यांत फरक आहे, असे आम्हांला वाटते. ते पातळ मायला कोणी दिलेले नव्हते. ते तिच्या कष्टाचे होते. ते ब्लँकेटपेक्षा स्वस्त पडते म्हणून आम्ही शिवत नव्हतो. हे आम्ही दादांना सांगितले, पण दादा काही बोलले नाहीत. तेव्हा आमच्या आत्याने एक गोष्ट काढली. आत्या विहारातल्या वाचनाला वर्षावासात रोज जाते आणि ऐकलेले विसरत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात चीवरांवर एक सबंध प्रकरण आहे. सुरुवातीला भिक्खू लोकांनी टाकलेली, स्मशानात आणि उकिरड्यावर पडलेली वस्त्रे गोळा करून, धुऊन, शिवून वापरत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून तथागतांनी उपासकांनी दिलेले वस्त्र घेण्यास मोकळीक दिली. एकदा राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांना वाटेत मगधाची शेते दिसली. आखून घेतलेली, मधून धुरे गेलेली, चौकोनाला चौकोन लागलेली. त्यांनी आनंदाला विचारले, की अशा रचनेचे चीवर भिक्खूंसाठी करता येईल का? आनंदाने तसे तुकडे जोडून चीवर करून दाखवले आणि तथागतांनी सर्वांसमोर त्याच्या बुद्धीचे कौतुक केले. आजही भन्तेजींचे चीवर नीट पाहिले तर त्यात बांध्या आणि धुरे दिसतात.

आत्या म्हणाली, "आपल्या दारातून काय दिसते ते बघ ना दादा." दारातून दिसत होत्या त्या धानाच्या बांध्याच. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला हा जिल्हा सारा धानाचा. तुकडे जोडून वस्त्र करणे हे तथागतांच्या संघाने मान खाली घालून केलेले काम नव्हते. जगाने टाकलेल्या कापडाला त्यांनी रचना दिली आणि तेच मानाचे वस्त्र झाले.

असे करणारे जगात आणखीही लोक आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथे राहणारे काळे लोक गुलामांचे वंशज. कापूस पिकवायचा दुसऱ्यासाठी आणि थंडीत पांघरायला स्वतःचे फाटके कपडे, अशी त्यांची गत. त्या बाया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९४२ साली नवरा वारल्यावर मिसूरी पेटवे या बाईने त्याचे शेतात घालायचे कपडे जोडून गोधडी केली. १९६६ मध्ये त्या भागातल्या स्त्रियांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. नवऱ्याच्या विजारीची गोधडी शिवताना कोणी तिला विचारले नसेल, की चिंध्या कशाला जपतेस. आणि विचारले असेल तरी ती थांबली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आम्ही ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंचांची गोधडी केली. एका मोठ्या माणसाला ती भरपूर होते.

पहिले काम धुण्याचे. जुने असो वा नवे, सगळे कापड आधी धुऊन, वाळवून घ्यावे. नवे सुती कापड आटते. तसेच घेतले तर पहिल्या धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. रंग जातो का तेही पाहावे. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला, की लगेच कळते. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते वेगळे धुवावे.

दुसरे काम पारख. पातळ सगळीकडे सारखे झिजत नाही. बसायची जागा आणि पायाशी घासणारा काठ लवकर विरतो, पदर आणि निऱ्यांचा भाग बरा राहतो. पातळ उजेडाकडे धरावे आणि मागे बोट ठेवावे. जिथून बोट स्पष्ट दिसते ती जागा वर घेऊ नये. धडधाकट भाग सापडला, की त्यात फुलांची एक ओळ बरोबर मध्यावर येईल असे पाहावे. म्हणजे दोन्ही बाजूंना फुले सारखी बसतात आणि कडेला अर्धे फूल कापले जात नाही. नक्षीला वर-खाली असेल, जसे मोराला किंवा कुंडीला असते, तर डोके उशीकडे येईल अशी दिशा धरावी.

पातळाची रुंदी साधारण ४५ इंच असते. खालचा झिजलेला काठ सोडून आम्हांला ४३ इंच रुंदी मिळाली. लांबी ६७ इंच घेतली. शिवणीत सगळीकडे अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणजे मधला भाग शिवल्यावर ४२ बाय ६६ इंच दिसतो.

तिसरे काम चौकट. तिचा रंग कोणता, यावर घरात बराच वाद होतो. सोपा नियम असा, की फुलांच्या कापडातच जो रंग थोडा आहे तो चौकटीला मोठा घ्यावा. आमच्या पातळात पानांच्या कडेला गर्द निळी रेघ होती, म्हणून चौकट निळी घेतली. ती शोभते हे तर झालेच, पण निळा रंग निवडताना घरात एकमत व्हायला वेळ लागला नाही. चौकटीचे कापड एकरंगीच असावे. त्यावर दुसरी नक्षी आली, की दोन्ही नक्ष्या भांडतात. ४५ इंच पन्ह्याचे २ मीटर कापड पुरते. त्यातून १० इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढाव्यात. दोन ६७ इंच लांबीच्या आणि दोन ६१ इंच लांबीच्या. आधी लांब पट्ट्या मधल्या भागाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडाव्यात. मग उरलेल्या दोन वर आणि खाली. प्रत्येक शिवण झाली, की उलट बाजूने इस्त्री फिरवावी. हे काम पायमशीनवर एका दुपारी होते. मशीन नसेल तर हाताने बारीक टीप घालावी.

चौथे काम थर. मागच्या बाजूला ६१ बाय ८५ इंच कापड लागते. पातळाची रुंदी तेवढी नसते, म्हणून ३१ इंच रुंद आणि ८५ इंच लांब असे दोन भाग काढून मधोमध जोडावेत. आम्ही मागे मायचे पांढरे पातळ लावले. आत दोन थर घातले. एक बाबांच्या धोतरांचा आणि दुसरा फुलांच्या पातळाच्या उरलेल्या कापडाचा. फुलांचे पातळ साडेपाच मीटरचे, म्हणजे सुमारे २१६ इंच. त्यातले ६७ इंच वर गेले. उरलेल्याचे दोन भाग करून आडवे, एकाला एक लागून पसरले तर सबंध गोधडीखाली पुरतात. फाटक्या जागेवर कापड एकावर एक चढवावे. अशा रीतीने मायचे सारे पातळ एकाच गोधडीत राहिले, काहीच बाहेर गेले नाही. आतले थर मात्र कडेपासून थोडे आत कापावेत, म्हणजे कडा दुमडताना जाड होत नाहीत.

हल्ली पुष्कळ पातळे सुती नसतात. टेरिकॉट किंवा इतर गुळगुळीत कापड गोधडीत सरकते आणि घामही टिपत नाही. पण आईचे तेच पातळ असेल तर ते वगळावे असे आम्ही म्हणणार नाही. ते वर घ्यावे, त्याच्या मागे त्याच मापाचे जुने सुती कापड जवळजवळ कच्च्या टाक्यांनी पक्के करावे आणि मग दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवावे. आतले आणि मागचे थर सुतीच ठेवावेत.

पाचवे काम पसरण्याचे. याला दोघी-तिघी लागतात. जमीन स्वच्छ झाडून, चटई घालून आधी मागचे कापड उलटे पसरावे, त्यावर आतले थर, त्यावर फुलांची बाजू सुलटी. चौघींनी चार कोपरे धरून ताणावे आणि मधून कडेकडे हात फिरवून सुरकुती काढावी. नंतर वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. हे टाके शेवटी काढून टाकायचे असतात, पण ते घालायचा कंटाळा केला तर थर सरकतात आणि गोधडीला पोट सुटते. मग वरच्या आणि मागच्या कापडाच्या कडा अर्धा इंच आत दुमडून, समोरासमोर आणून, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद कराव्यात.

शेवटचे काम धावदोऱ्याचे. जाड सुती दोरा आणि मोठी सुई घ्यावी. आपल्याकडे गोधडी कडेकडून आत, चौकोनात चौकोन अशी शिवत नेतात. निळ्या चौकटीत आम्हीही तसेच केले, ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवून. फुलांपाशी आल्यावर मात्र सरळ ओळ सोडली. फुलाच्या आणि पानाच्या कडेकडेने टाके फिरवले, फुलातून आडवी ओळ नेली नाही. मोठ्या नक्षीला दाट टाके लागत नाहीत. दोन ओळींमध्ये चार बोटांचे अंतर चालते. त्याहून जास्त मोकळी जागा ठेवू नये, नाहीतर धुताना आतले कापड गोळा होते. दोरा जमिनीच्या रंगाचा घ्यावा. फूल दिसावे, टाका दिसू नये.

आम्ही तिघी आणि वहिनी दुपारच्या वेळी रोज दोन तास बसलो. वीस-बावीस दिवस लागले. या दिवसांत मायचे बोलणे पुष्कळ निघाले. विडीला दोरा बांधताना ती जितके गच्च बांधायची तितका आमचा एकही टाका पडला नसेल. धाकटीचे लग्न ठरवताना झालेली नाराजी इतक्या वर्षांनी सुईशी सुई लावून बसल्यावर निघाली आणि तिथेच मिटली. पातळाचे तीन तुकडे केले असते तर तिघी तीन गावी जाऊन आपापले शिवत बसलो असतो.

दादांनी मध्ये कधी विचारपूस केली नाही. गोधडी झाली त्या संध्याकाळी त्यांनी ती उचलून उलटी केली. मागे पांढरे पातळ पाहून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "यंदा ही इथंच राहू दे." पहिल्या हिवाळ्याची पाळी थोरलीची होती. थोरलीने काही न बोलता मान हलवली.

ही गोधडीही एक दिवस विरेल. तेव्हा काय, याचे उत्तर आत्याने चुल्लवग्गातल्या दुसऱ्या एका गोष्टीने दिले. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरे दिली. राजाला वाटले, हा भिक्खू इतक्या वस्त्रांचे काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही देऊ. जीर्ण चीवरांचे पलंगपोस करू. ते जुने झाले की गाद्यांच्या खोळी, त्या जुन्या झाल्या की जमिनीवरची पसरणी, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही फाटली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० चीवरे दिली.

आपल्या घरांतही मायमाउल्या हेच करत आल्या. पातळाची गोधडी, गोधडीचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे. तेव्हा तुमच्या पेटीत आईचे, आजीचे एखादे मोठ्या फुलांचे पातळ पडून असेल तर या थंडीत ते बाहेर काढा. कात्री हाती घेण्याआधी वर्तमानपत्राची खिडकी करून बघा. मग सगळ्यांना बोलावून ठरवा.